विद्यार्थ्याचे यश आणि विद्यासंस्थेचे ऋण



ज्या सभागृहात मागच्या रांगेत बसून मी पाहुण्यांची भाषणे संपण्याची वाट पाहत असे, त्याच सभागृहात आज पाहुणा म्हणून उभा राहताना मनाला संकोच वाटतो आहे. मागच्या रांगेतील मुलांच्या मनात या क्षणी काय चालले असेल याची मला पूर्ण कल्पना आहे. घड्याळाकडे माझेही लक्ष राहील, एवढे आश्वासन त्यांना आधीच देऊन ठेवतो.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते त्या आपल्या हेडमास्तरसरांचा मी विद्यार्थी. ते आम्हाला इतिहास शिकवीत. त्यांच्या टेबलावर हजेरीपटांशेजारी दाखल्यांचे एक जाडजूड पुस्तक असे. त्या पुस्तकाशी माझा जो संबंध आला, त्याविषयी मी शेवटी बोलणार आहे. आजच्या विषयाचे सारे सूत्र त्या पुस्तकातच आहे, असे मला आता, सत्तरी ओलांडल्यावर, वाटू लागले आहे.

‘बडोद्याच्या विद्यापीठातून शिकून गेलेल्या माणसांची कर्तबगारी’ असा विषय चिटणिसांनी मला सुचविला. विषय अभिमानाचा आहे आणि सोपाही वाटतो. मोठी नावे घ्यावीत, त्यांची पदे आणि पारितोषिके सांगावीत, टाळ्या घ्याव्यात आणि खाली बसावे. पण ती नावे एकापुढे एक मांडू लागलो तसतसा एक प्रश्न मला अडवू लागला. विद्यार्थी मोठा होतो तेव्हा त्या मोठेपणातले किती विद्यासंस्थेचे आणि किती त्याचे स्वतःचे? आणि जमेच्या बाजूला आपण जे लिहितो, त्याच्या समोरच्या खर्चाच्या पानावर काय लिहायचे? आज मी हा हिशेब दोन्ही बाजूंनी मांडून पाहणार आहे.

प्रथम संस्थेविषयी थोडेसे. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या गावचा, शेतकऱ्याच्या घरातला एक बारा वर्षांचा मुलगा १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक आला. तोवर त्याला अक्षरओळखही नव्हती. उशिरा शिकलेल्या त्या मुलाने पुढे आपल्या राज्यात शिक्षणाचे असे वेड घेतले की, १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले. बडोदा कॉलेज १८८१ साली सुरू झाले, संगीताची शाळा १८८६ साली आणि कलाभवन १८९० साली. १९१० साली बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाच्या देखरेखीखाली राज्यातील ग्रंथालयांची उभारणी सुरू झाली, आणि पेट्यांत भरलेली पुस्तके खेडोपाडी फिरू लागली. या साऱ्या संस्थांच्या पायावर १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ उभे राहिले. तोवर आपल्या कॉलेजातील मुले शिकत बडोद्यास, परंतु परीक्षा आणि पदवी मुंबई विद्यापीठाची असे. म्हणून मी ‘विद्यापीठ’ हा शब्द जरा सैल अर्थाने वापरणार आहे. १९४९ पूर्वी ज्यांना बडोद्याच्या विद्येने हात दिला, त्यांनाही मी आपलेच मानतो.

कलाभवनापासून आरंभ करू. त्र्यंबकेश्वरास जन्मलेला एक तरुण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून बडोद्यास आला आणि कलाभवनात दाखल झाला. चित्रकला त्याला येतच होती. येथे त्याने छायाचित्रणाची विद्या हस्तगत केली. प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्यासारखा रसायनशास्त्रज्ञ कलाभवनाच्या मुळाशी होता. कारागिरी आणि विज्ञान यांचे लग्न लावावे ही त्या संस्थेमागची कल्पना. हा तरुण म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. आज आपण त्यांना भारतीय चित्रपटाचे जनक म्हणतो. पण त्यांचा पुढचा प्रवास पाहा. गोध्र्यास छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला, तर १९०० च्या प्लेगात पत्नी आणि मूल गेले. बडोद्यास परत येऊन दुकान थाटले, तर यंत्रासमोर बसल्याने अंगातली शक्ती ओढली जाते आणि माणूस मरतो, या समजुतीने गिऱ्हाईक फिरकेना. ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईस प्रदर्शित झाला तो ३ मे १९१३ रोजी, म्हणजे कलाभवनात पाऊल ठेवल्यानंतर वीसएक वर्षांनी. ज्या नगरीने त्यांना कॅमेरा शिकविला, त्याच नगरीने त्या कॅमेऱ्यासमोर बसायचे नाकारले. जमेचे आणि खर्चाचे पान असे पहिल्याच नावाशी उघडते.

बडोदा कॉलेजकडे वळू. १८९३ साली इंग्लंडहून परतलेले अरविंद घोष बडोदे संस्थानच्या सेवेत आले आणि पुढे कॉलेजात फ्रेंच व इंग्रजी शिकवू लागले. १९०६ पर्यंत ते येथे होते. मराठी आणि गुजराती या भाषा त्यांनी येथेच आत्मसात केल्या. त्यांच्या वर्गात भडोचहून आलेला कन्हैयालाल माणेकलाल मुनशी नावाचा विद्यार्थी होता. या मुनशींनी गुजराती कादंबरीला वैभव दिले आणि १९३८ साली भारतीय विद्या भवनाची स्थापना केली. दशकभराने हंसाबेन मेहता याच कॉलेजातून तत्त्वज्ञान घेऊन १९१८ साली पदवीधर झाल्या. मुलींनी कॉलेजात बसणे हीच ज्या काळी बातमी होती, त्या काळातली ही गोष्ट आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क आयोगावर भारताच्या प्रतिनिधी असताना, जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यातील ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकणाऱ्या इंग्रजी शब्दाला त्यांनी हरकत घेतली आणि त्या जागी ‘सर्व मानव’ या अर्थाचा शब्द आला. १९४८ सालचा तो जाहीरनामा आज जगभर वाचला जातो. भाषेचा अध्यापक म्हणून मला या घटनेचे फार अप्रूप आहे. शब्दाचा किती कीस काढता, असे ज्यांनी ज्यांनी मला आयुष्यभर हिणविले, त्यांना मी हंसाबेनचे उदाहरण देत आलो आहे. एका शब्दात अर्धी मानवजात आत आली. याच हंसाबेन पुढे आपल्या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू झाल्या.

आता एका विद्यार्थ्याविषयी, ज्याला कोणत्या यादीत घालावे हेच कळत नाही. कोकणातील गागोदे गावचे भावे कुटुंब बडोद्यास राहावयास आले. थोरला मुलगा विनायक येथील हायस्कुलात आणि मग बडोदा कॉलेजात शिकू लागला. वडिलांच्या इच्छेखातर त्याने फ्रेंच घेतली आणि संस्कृत आपल्या आपण शिकला. ग्रंथालयातली पुस्तके त्याने अधाशासारखी वाचली. एके दिवशी त्याने चुलीपाशी बसून आपले दाखले आणि प्रशस्तिपत्रे जाळून टाकली. आईने विचारले तेव्हा, आता यांची गरज नाही, असे उत्तर दिले. मार्च १९१६ मध्ये इंटरची परीक्षा देण्यासाठी तो मुंबईच्या गाडीत बसला, सुरतेस उतरला आणि काशीच्या वाटेला लागला. विनोबांचे नाव बडोद्याच्या पदवीधरांत कोठेही सापडणार नाही.

पण बडोद्याने त्यांना काहीच दिले नाही काय? त्यांच्या आई रुक्मिणीबाई येथे गीतेची प्रवचने ऐकावयास जात. संस्कृत समजत नसे, म्हणून सोप्या मराठीतली गीता हवी असे त्या मुलाला म्हणत, आणि तूच ती का करीत नाहीस, असेही त्यांनी एकदा विचारले. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत त्या बडोद्यासच वारल्या. विनोबांनी ‘गीताई’ लिहावयास घेतली ऑक्टोबर १९३० मध्ये आणि ती पुरी झाली फेब्रुवारी १९३१ मध्ये. आईने मागितलेले पुस्तक तयार झाले, तेव्हा ते हाती घ्यायला आई बारा वर्षे नव्हती. पुढे १९५१ साली पोचमपल्लीत सुरू झालेली भूदानाची पदयात्रा, १९५८ सालचे मॅगसेसे पारितोषिक, १९८३ साली मरणोत्तर भारतरत्न, हे सारे आपण जाणतोच. परंतु मी मराठीचा शिक्षक आहे, आणि मला विचाराल तर बडोद्याच्या शिक्षणाचे विनोबांमधील सर्वांत मोठे फळ म्हणजे ‘गीताई’. आणि तिचा वर्ग कॉलेजच्या घुमटाखाली भरला नाही, तो एका मराठी घराच्या स्वयंपाकघरात भरला. हे श्रेय कोणाच्या नावे लिहायचे, ते आपणच ठरवा.

यानंतर जे सांगायचे आहे ते बडोदेकर म्हणून मला जड जाते. भीमराव रामजी आंबेडकर हे बडोदा कॉलेजचे विद्यार्थी नव्हेत. ते एल्फिन्स्टनचे. परंतु ते बडोदे राज्याचे विद्यार्थी होते. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर ते बी. ए. झाले. १९१३ च्या जानेवारीत येथे नोकरीवर रुजू झाले, आणि वडिलांच्या आजारपणामुळे थोड्याच दिवसांत त्यांना मुंबईस परतावे लागले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार रामजी वारले. त्याच वर्षी महाराजांनी त्यांना अमेरिकेतील शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याचा करार झाला. कोलंबिया विद्यापीठात १९१५ साली एम. ए., मग पुढचा प्रबंध, मग लंडन. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यावर सप्टेंबर १९१७ मध्ये हा विद्वान करार पाळण्यासाठी बडोद्यास उतरला.

पुढची हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे, म्हणून तीत कोणाला रंग भरण्याचे कारण नाही. राहावयास जागा मिळेना. अखेरीस पारशी धर्मशाळेत, वहीत पारशी नाव लिहून, दीड रुपया रोजाने ते राहिले. माडीवर दुसरे कोणी नसे. अंधूक कंदील आणि वटवाघळांची फडफड. अकराव्या दिवशी सकाळी ते कचेरीत निघत असता दहाबारा माणसे काठ्या घेऊन जिन्याने वर आली आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम देऊन गेली. एका हिंदू मित्राकडे त्यांनी आसरा मागितला. तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील, असे उत्तर मिळाले. एका ख्रिस्ती मित्राकडूनही नकारच आला. मग रात्रीच्या मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाटीबागेत बसून राहिले. ती जागा आज ‘संकल्पभूमी’ म्हणून ओळखली जाते. आपण सगळे त्या बागेत मुलांना माकडे आणि मोर दाखवायला नेतो. त्या झाडाखाली दोन मिनिटे उभे राहून, या गावात शेकडो दारे असताना एकही का उघडले नाही, हेही त्यांना सांगावे अशी माझी विनंती आहे.

आता खर्चाच्या पानासमोरचे जमेचे पान पाहा. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकासावरील बाबासाहेबांचा इंग्रजी प्रबंध १९२५ साली ग्रंथरूपाने निघाला. तो त्यांनी सयाजीराव महाराजांना, आपल्या शिक्षणास केलेल्या साहाय्याबद्दल कृतज्ञता म्हणून, अर्पण केला आहे. ज्या नगरीने त्यांना छप्पर दिले नाही तिच्या राजाचे नाव त्यांनी आठ वर्षांनी आपल्या ग्रंथाच्या पहिल्या पानावर घातले. अपमान विसरून नव्हे. तो ते कधीच विसरले नाहीत. पण अपमान एका खात्यावर आणि उपकार दुसऱ्या खात्यावर मांडण्याची सचोटी त्यांच्या ठायी होती. आणि आणखी एक योग पाहा. ऑगस्ट १९४७ मध्ये राज्यघटनेची मसुदा समिती नेमली गेली तेव्हा तिच्या सात सभासदांत अध्यक्षस्थानी बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर शिकलेले आंबेडकर होते, आणि सभासदांत बडोदा कॉलेजचे मुनशी होते. घटना परिषदेतील पंधरा स्त्री सभासदांत हंसाबेन होत्या. हे सांगताना आपला ऊर भरून यावा हे स्वाभाविक आहे. फक्त ऊर भरून येताना कमाटीबागेतील ती संध्याकाळ विसरू नये, एवढेच.

विद्यापीठ झाल्यानंतरच्या काळात नावे इतकी आहेत की निवड करणेच भाग आहे. १९५० साली ललित कला शाखा निघाली. इंदूरहून आलेले नारायण श्रीधर बेंद्रे तेथे चित्रकला शिकवीत. आपल्यासारखी चित्रे काढणारे विद्यार्थी तयार करणे हा शिक्षकाचा पराभव असतो, हे ज्यांना कळले अशा थोड्या शिक्षकांपैकी ते एक होते, असे त्यांच्या विद्यार्थ्यांच्या चित्रांतील विविधतेवरून मला वाटते. ज्योती भट्ट हे त्या पहिल्या पिढीतले. चित्रे आणि मुद्राचित्रे यांत नाव मिळविल्यावर हा माणूस कॅमेरा घेऊन खेड्यांत गेला आणि तेथील स्त्रिया सणावारी भिंतीवर व अंगणात जी चित्रे काढतात, त्यांची छायाचित्रे वर्षानुवर्षे घेत राहिला. ज्यांनी कोणत्याही कलाशाळेचे तोंड पाहिले नाही, त्यांच्या कलेची नोंद कलाशाळेत शिकलेल्या माणसाने ठेवावी, ही मला पद्मश्रीहून मोठी कर्तबगारी वाटते. ती पदवीही त्यांना २०१९ साली मिळाली. भूपेन खख्खर मुंबईहून १९६२ साली आले ते सनदी हिशेबनीस होऊन. कलासमीक्षेचा अभ्यास त्यांनी येथे केला, अर्धा दिवस कारखान्याचे हिशेब लिहिले आणि उरलेल्या दिवसात न्हावी, शिंपी, घड्याळजी अशा साध्या माणसांना चित्रांत आणले.

भौतिकशास्त्रात एम. एस्सी. करण्यासाठी सत्यनारायण पित्रोदा नावाचे एक विद्यार्थी येथे होते. त्यांना पुढे सॅम पित्रोदा या नावाने देश ओळखू लागला. अमेरिकेस जाईपर्यंत आपण कधी दूरध्वनी वापरला नव्हता, असे त्यांनीच सांगितले आहे. १९८४ साली त्यांच्या प्रेरणेने दूरसंचार संशोधनाची सरकारी संस्था निघाली आणि पुढे गल्लीबोळांत एस. टी. डी.चे पिवळे बूथ दिसू लागले. आज ते बूथ गेले; पण परगावी शिकणाऱ्या मुलाच्या फोनसाठी रात्री दहानंतर त्या बूथबाहेर रांगेत उभे राहिलेले आईबाप या सभागृहात आजही असतील.

आणि आता व्यंकटरामन रामकृष्णन. आईवडील दोघेही शास्त्रज्ञ. वडील आपल्या विद्यापीठात जीवरसायनशास्त्राचे प्रमुख. मुलगा तीन वर्षांचा असताना चिदंबरमहून बडोद्यास आला, येथेच शाळेत गेला, आणि १९७१ साली भौतिकशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाला. वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळत असताना त्याने राष्ट्रीय विज्ञान शिष्यवृत्तीच्या बळावर भौतिकशास्त्र पत्करले. त्या काळी मीही त्याच विद्यापीठात कला शाखेत शिकत होतो. परंतु मी त्यांना कधी पाहिल्याचे आठवत नाही, आणि ओळख सांगण्याचा मोह मी कटाक्षाने आवरणार आहे. त्याला कारण आहे. २००९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना दोघा शास्त्रज्ञांबरोबर विभागून मिळाले तेव्हा आपल्या देशातून अभिनंदनाचा एवढा लोंढा त्यांच्याकडे लोटला की ते वैतागले. दशकानुदशके ज्यांनी चौकशी केली नाही असे लोक आपलेपणा सांगू लागले. आपण त्यांना शिकविले असा दावा ज्या विद्यापीठातून झाला, तेथे ते कधी शिकलेच नव्हते.

आपल्याला त्यांचे ते वैतागणे त्या वेळी आवडले नाही. पण त्यांची पुढची वाट पाहिली म्हणजे ते कळते. भौतिकशास्त्रात १९७६ साली पीएच. डी. झाल्यावर, आपले मन जीवशास्त्रात आहे हे ओळखून ते पुन्हा पहिल्यापासून विद्यार्थी झाले. पुढे अध्यापकाच्या जागेसाठी सुमारे पन्नास विद्यापीठांकडे अर्ज केले, आणि कोठूनही बोलावणे आले नाही. पेशीमध्ये प्रथिने घडविणाऱ्या रायबोसोमची रचना उलगडण्याचे काम त्यानंतर कित्येक वर्षे चालले. पन्नास नकारांच्या दिवसांत अभिनंदनाचे एकही पत्र गेले नसेल. मात्र याच शास्त्रज्ञाने नोबेलच्या निमित्ताने लिहिलेल्या आत्मवृत्तात बडोद्याच्या शाळेत गणित व विज्ञान शिकविणाऱ्या टी. सी. पटेल या शिक्षकांचे नाव आवर्जून घेतले आहे. येथील भौतिकशास्त्राचा अभ्यासक्रम त्या वेळी नव्याने आखला होता आणि त्यात उत्तम ग्रंथ लावले होते, याचीही नोंद केली आहे. खरे ऋण विद्यार्थी विसरत नाही. ते कोणते आणि कोणाचे, हे ठरविण्याचा अधिकार मात्र त्याचा असतो, आपला नव्हे.

मित्रहो, येथवर मी मोठ्या माणसांविषयी बोललो. आता एका लहान गोष्टीविषयी बोलतो. ती माझी आहे आणि तीत माझा दोष आहे.

१९९९ साली विद्यापीठास पन्नास वर्षे झाली. त्या सुमारास येथील मराठीभाषक माजी विद्यार्थ्यांच्या एका मेळाव्याची स्मरणिका निघाली, आणि नामवंतांची यादी करण्याचे काम माझ्याकडे आले. मी एकसष्ट नावे काढली. आता ती यादी पाहिली म्हणजे ध्यानात येते की माझ्या निवडीच्या कसोट्या तीनच होत्या: पद, पारितोषिक आणि परदेश. यादी छापखान्यात गेली. मुद्रिते परत आली ती इतकी स्वच्छ तपासलेली की मी चकित झालो. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका तर काढल्या होत्याच. पण एका नामवंताच्या पदवीचे मी दिलेले वर्ष खोडून समासात निळ्या शाईने बरोबर वर्ष लिहिले होते. मी पडताळून पाहिले. दुरुस्ती अचूक होती.

मुद्रितशोधकाचे कौतुक करावे म्हणून मी छापखान्यात गेलो. आतल्या खोलीत खिडकीपाशी बसलेला गृहस्थ मला पाहून उठून उभा राहिला आणि ‘या सर’ म्हणाला. तो माझा विद्यार्थी होता. १९८१-८२ साली बी. ए.च्या शेवटच्या वर्गात होता, आणि मी शिकविलेल्यांत त्याच्याइतका भाषेचा कान फार थोड्यांना होता. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो वर्गात आला नाही. तीन आठवडे मी हजेरी घेताना त्याचे नाव पुकारले आणि मग त्याच्या नावावर तांबडी रेघ ओढली. पुढे तो मला आठवलाही नाही. वडील गेले होते, धाकटी भावंडे होती, छापखान्यात जागा मिळाली, एवढीच हकीकत त्याने सांगितली, तीही मी विचारली म्हणून. ते वर्ष बरोबर कसे काढलेस, असे विचारल्यावर म्हणाला, ‘सर, आम्ही एकाच बाकावर बसत होतो.’

मी खजील होऊन, यादीत तुझे नाव राहून गेले, असे काहीसे पुटपुटलो. तो म्हणाला, ‘तसे काही नाही सर, यादी पदवीधरांची आहे. मी टी. वाय.ला सोडले.’ त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. असता तर मला बरे वाटले असते. त्याचे घर दांडिया बाजारात होते, कॉलेजपासून चालत वीस मिनिटांच्या वाटेवर. तीन आठवड्यांत मला वीस मिनिटे सापडली नव्हती.

हे मला इतके का लागले, ते सांगण्यासाठी आता दाखल्यांच्या पुस्तकाकडे येतो. १९६४ सालची गोष्ट. मी नववीत होतो. वडिलांचे आजारपण लांबले, घरात पैसा नव्हता, आणि मला मामांच्या सायकलच्या दुकानात बसवायचे ठरले. वडील सरांकडे माझा दाखला मागावयास गेले. या दाखल्याला आपण बडोद्यात सगळे ‘एल. सी.’ म्हणतो. त्यात ‘शाळा सोडण्याचे कारण’ असा एक रकाना असतो. बहुधा तेथे ‘पालकांची इच्छा’ असे दोन शब्द लिहून मोकळे होतात. सर म्हणाले, ‘आज शिक्का सापडत नाही, उद्या पाहू.’ त्याच संध्याकाळी ते आमच्या घरी आले. आईने चहा केला. दोन तास ते वडिलांशी बोलत बसले. मला बाहेर पाठविले होते, म्हणून काय बोलणे झाले ते मला आजतागायत कळले नाही. माझी दोन वर्षांची फी कोणी भरली तेही कळले नाही. मात्र माझा दाखला मॅट्रिक होईपर्यंत निघाला नाही. पुढे समजले की असा ‘न सापडणारा शिक्का’ सरांनी अनेकांसाठी वापरला होता. प्रत्येक वेळी यश आले असे नाही. काही दाखले त्यांना द्यावेच लागले. पण घरी गेल्यावाचून त्यांनी एकही दिला नाही.

मी प्राध्यापक झालो, डॉक्टरेट मिळविली, पुस्तके लिहिली, ते त्या संध्याकाळमुळे. आणि जे मला मिळाले होते ते पुढे देण्याची वेळ आली, तेव्हा मी तांबडी रेघ ओढून मोकळा झालो. माझ्या हिशेबातली ही बाकी फिटणारी नाही. ती निदान लपवू नये, म्हणून आज सरांच्याच स्मरणार्थ भरलेल्या या सभेत सांगितली.

या साऱ्यातून मला एवढेच म्हणावयाचे आहे. फाळके, विनोबा, आंबेडकर, रामकृष्णन यांची कर्तबगारी त्यांची आहे. त्यांच्या वाट्याचे श्रेय मागण्यात आपण फार वेळ घालवू नये. विद्यासंस्थेच्या हाती त्याहून लहान पण निश्चित असे काही असते: वेळेवर दिलेली शिष्यवृत्ती, उघडे ग्रंथालय, चांगला लावलेला ग्रंथ, घरापर्यंत गेलेला एक शिक्षक. आणि शिकून परतलेल्याला राहण्यासाठी एक खोली. सयाजीरावांनी साडेअकरा पौंड दिले, पण गावाने खोली दिली नाही. राजाचे काम राजाने केले. गावाचे काम गावाने करायचे राहिले.

या शाळेस माझी एक विनंती आहे. बडोद्यातील मराठी शाळांचे वर्ग रोडावत चालले आहेत, आणि त्याची खंत आपण दर सभेत करतो. खंत रास्त आहे. परंतु वर्गात वीसच मुले असतील, तर वर्षातून एकदा वीस घरी जाणे एका शिक्षकाला अशक्य नाही. यापुढे दाखल्यावर सही होण्यापूर्वी कोणीतरी त्या घरी जाऊन यावे, आणि कारणाच्या रकान्यात खरे कारण लिहावे. माजी विद्यार्थ्यांचा फलक लावाल तेव्हा पदवीच्या आणि पदाच्या आधी माणसाचे काम विचारावे. आणि आपल्या फलकाशेजारी एक रिकामी चौकट ठेवावी, ज्यांची नावे आपल्याला ठाऊक असायला हवी होती आणि नाहीत, त्यांच्यासाठी.

जाता जाता एक सांगतो. या व्याख्यानाची पुस्तिका निघणार आहे. तिची मुद्रिते माझ्या त्या विद्यार्थ्यानेच तपासावीत अशी विनंती मी चिटणिसांना केली, आणि त्यांनी ती मान्य केली. त्याचेही आता वय झाले आहे, पण नजर शाबूत आहे. त्याने नाव छापू नये अशी अट घातली आहे, म्हणून ते घेत नाही. तेव्हा पुस्तिकेत जे बिनचूक असेल ते त्याचे समजावे, आणि उरलेल्या चुका माझ्या.